खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाकीचं पाणी बदलणं सोपं कसं करायचं: आधी बादल्या उचलणं बंद करा

पाणी बदलायचा कंटाळा आला म्हणून लोक आठवडा पुढे ढकलतात, मग अजून एक, आणि मग एकदम अर्धी टाकी रिकामी करतात. मीही केलंय. कंटाळा खरं तर पाणी बदलण्याचा नसतोच, बादल्यांचा असतो. २०० लिटरच्या टाकीचं १० टक्के म्हणजे २० लिटर, मीठ मिसळलेलं ते पाणी साडेवीस किलोच्या आसपास भरतं, आणि तेवढंच जुनं बाहेर काढून तेवढंच नवीन आत, वर फरशीवर सांडलेलं पुसा. म्हणून उचलायचं काम पंपाला द्यायचं आणि मोजायचं काम टेपच्या खुणेला.

१. एक ड्रम कायमचा लावून टाका

झाकणवाला, फूड ग्रेड प्लास्टिकचा ड्रम घ्या, साठ लिटरचा घेतला तर वरच्या हिशोबाने तीन वेळचं पाणी होतं. त्यात एक छोटा पॉवरहेड (पाणी फिरवत ठेवणारा बुडता पंप), एक हीटर आणि पाणी उपसायला एक पंप, बस. हा ड्रम, नळ्या, सगळं फक्त टाकीसाठी, साबणाचा हात लागलेली कुठलीही वस्तू यात नको.

२. पाणी आदल्या दिवशी बनवा

आरओडीआय पाणी, म्हणजे फिल्टरने सगळे क्षार काढून टाकलेलं पाणी भरा (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ० यायला हवं), पॉवरहेड चालू करा आणि मग मीठ थोडं थोडं सोडा. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, पाकिटावर लिहिलेलं असतं ते बघा. उलटं करू नका, म्हणजे मिठाच्या ढिगावर पाणी ओतू नका, कारण मग पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि कॅल्शियम कार्बोनेट चुन्यासारखं तळाला बसतं, म्हणजे कोरलसाठी ज्याचे पैसे मोजले तेच ड्रमच्या तळाला. अर्धवट वापरलेली मिठाची पिशवी असेल तर आधी नीट हलवून घ्या, बारीक दाणे खाली बसलेले असतात.

रात्रभर फिरू द्या. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्यातला क्षार मोजायचं यंत्र) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार, यायला हवा, तापमान टाकीइतकंच, बहुतेकांच्या टाकीत २५-२६ अंश असतं. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने शून्यावर आणण्यापेक्षा ३५ च्या कॅलिब्रेशन लिक्विडने लावा, जिथे मोजायचंय तिथेच तो बरोबर हवा ना. झाकण उघडं राहिलं तर पाणी उडतं आणि क्षार वाढतो, म्हणून वापरायच्या आधी परत एकदा मोजा.

३. सम्पवर दोन खुणा

सम्प म्हणजे मुख्य टाकीखालची छोटी टाकी, वरचं पाणी त्यात उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर चढवतो. ही पायरी एकदाच करायची आहे पण सगळ्यात जास्त त्रास हीच वाचवते. रिटर्न पंप बंद करा, वरचं पाणी सम्पमध्ये उतरून स्थिर होऊ द्या, आणि त्या पातळीवर टेप लावा. मग एकदाच, शेवटचं, बादलीने मोजून २० लिटर काढा आणि तिथे दुसरी टेप. आता आयुष्यभर मोजायला नको, वरच्या टेपपासून खालच्या टेपपर्यंत उपसायचं आणि परत वरच्या टेपपर्यंत भरायचं. सम्प नसेल तर टाकीच्या मागच्या काचेवर अशाच खुणा करा.

४. उपसायच्या आधी स्विच

हे चार बंद करा: रिटर्न पंप, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर, आणि ऑटो टॉप ऑफ (पाणी उडून पातळी उतरली की सेन्सरवर आपोआप गोडं पाणी सोडणारं यंत्र). हा शेवटचा विसरतोच माणूस. एकदा पाणी उपसलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो, परत येऊन बघतो तर सम्पमधलं पाणी खालच्या टेपपेक्षा चांगलंच वर, आणि ड्रममधलं पाणी तर मी अजून घातलंच नव्हतं! सेन्सरला वाटलं पाणी उडालंय, त्याने इमानदारीत दहाएक लिटर गोडं पाणी सोडून दिलं, क्षार ३५ वरून ३३ च्या आसपास. तेव्हापासून हे चारही एकाच पॉवर स्ट्रिपवर आहेत आणि ऑटो टॉप ऑफचं बटण मी आधी दाबतो. हीटर पाण्याबाहेर तापत राहिला तर तडकतो, तेही लक्षात ठेवा.

५. उपसा आणि भरा

सम्पमध्ये पंप, त्याला लांब नळी, दुसरं टोक थेट बाथरूमच्या जाळीत (कुंड्यांना घालू नका, झाडं जातील). नळीचं टोक सम्पपेक्षा खाली असेल तर पंप बंद केल्यावरही सायफनने पाणी जातच राहतं, म्हणून नळीवर एक बॉल व्हॉल्व्ह हवाच. भरताना उलटं, नळीचं टोक पाण्याच्या वर क्लिपने बांधा, नाहीतर पंप थांबला की सम्पमधलं पाणी उलटं ड्रममध्ये.

पाच मिनिटं हातात असतील तर स्विच बंद करायच्या आधी, रिटर्न पंप चालू असतानाच, टर्की बेस्टरने (रबरी फुग्याची मोठी पिचकारी) खडकांवरची घाण उडवा. तळाची वाळू ढवळायची तर एका वेळी एक कोपरा, सगळी नको.

६. बटणालाच काम द्यायचं असेल तर

दोन हेडचा डोसिंग पंप (ठरवलेलं पाणी मोजून ढकलणारा पंप) मिळतो, एक हेड जुनं काढतं, दुसरं तेवढंच नवीन टाकतं. रोज १ टक्का असं ३० दिवस केलं तर साधारण २६ टक्के जुनं पाणी गेलेलं असतं, एका झटक्यात ३० टक्के बदलण्यापेक्षा थोडं कमी, पण माशांना कळतही नाही. फक्त दोन्ही हेड महिन्याला मोजून बघा. काढणारं हेड जास्त ओढायला लागलं तर फरक ऑटो टॉप ऑफ गोड्या पाण्याने भरतो आणि क्षार हळूहळू खाली येतो, टाकणारं जास्त असेल तर वर.

आणि एक, नायट्रेट (माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून साठतं ते) ४० आहे म्हणून १० टक्के बदललं तर ते ३६ होतं, त्याहून खाली नाही. तिथे खाणं कमी घाला.

भरून झालं की आधी रिटर्न आणि हीटर चालू करा, पातळी खुणेवर स्थिर झाली की ऑटो टॉप ऑफ, आणि स्किमर तासाभराने, नव्या पाण्यावर तो कधीकधी वेड्यासारखा फेस काढून कप उतू घालवतो. पंप आणि नळी गोड्या पाण्यातून एकदा फिरवून ठेवा, वाळलेल्या मिठाने पुढच्या वेळी पंप जाम होतो.