ड्रोनच्या भागासाठी एकट्यालाच चौकशी आली तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्याला लष्करी ड्रोनच्या भागासाठी एकल निविदा, म्हणजे एकाच पुरवठादाराकडे केलेली चौकशी आली, तर आधी कारण वाचा. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १६६ तीनच कारणं मानतो: एकमेव उत्पादक, तातडी, किंवा आधीच्या यंत्राशी जुळणारा सुटा भाग. दुसरा मेक, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा माल, का चालत नाही, हे खरेदी करणाऱ्या खात्यानंच प्रमाणपत्रात लिहायचं असतं. तुम्ही फक्त ड्रॉइंग आणि चाचणी अहवाल द्या.

खरी रस्सीखेच दरावर. स्पर्धा नसल्यानं दर फोडून मागतात: कच्चा माल, मशीनचे तास, हीट ट्रीटमेंट, तपासणी, नफा. पॅटर्नचा, म्हणजे ओतकामासाठीच्या नमुन्याचा, खर्च एकदाच वेगळा लावा. तो प्रतिनग दरातही शिरला, तर दुबार आकारणी म्हणून फाइल अडकते. जुन्या ऑर्डरची प्रत जोडा. खुल्या निविदेला एकच बोली येणं मात्र वेगळं प्रकरण, तिथं हे प्रमाणपत्र लागत नाही.