तिथी बघा, मग पक्षी बघा

कोकणात पक्षी पाहायला बहुतेकजण डिसेंबर-जानेवारीत जातात. माझं ऐकाल तर एकदा मार्चअखेरीस जा. हिवाळाभर मळकट दिसणारे पाहुणे उत्तरेकडे निघण्याआधी विणीचा पिसारा चढवतात. थंडीत राखाडी दिसणाऱ्या चिखल्याच्या (किनाऱ्यावरच्या चिखलात चरणारा छोटा पक्षी) छातीवर वीटकरी पट्टा उमटतो, डोळ्यांवर काळी पट्टी येते. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं (सीगलचं) डोकं थंडीत पांढरंच असतं. लडाख-तिबेटच्या तळ्यांकडे परतायच्या सुमारास ते खरोखर तपकिरी होतं.

आधी कालनिर्णय उघडा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ, हा कोकणातला जुना हिशेब. द्वादशीला बारा पाऊण नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास भरती. सकाळच्या फेरीसाठी दशमी ते द्वादशी उत्तम, पक्ष कोणताही चालेल. अष्टमीला भरती सहालाच होते, उजाडेपर्यंत पाणी उतरू लागलेलं असतं.

अलिबागजवळ आक्षीच्या पुळणीवर भरतीच्या दोन तास आधी पोहोचा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळचं ऊन तुमच्या पाठीशी राहतं आणि रंग स्वच्छ दिसतात. मग एका जागी बसा. पाणी चढतं तसे पक्षी आपणहून जवळ सरकतात.

इथे घाई करू नका. प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवायची असते. फोटोसाठी थवा उडवला की खायची वेळ जाते आणि साठवलेली ताकदही. पक्ष्यांनी चरणं थांबवून मान उंचावली, तर तुम्ही फार जवळ आलात. मागे या. कुत्रं सोबत नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी रेवदंड्याजवळच्या कोर्लईच्या किल्ल्यावर चढा. डोंगराचं ते टोक थेट समुद्रात घुसलेलं आहे, त्यामुळे पाण्यावरून जाणारे कुरव आणि सुरय (टर्न) पाहायला उंचावरची जागा मिळते. ८×४२ ची दुर्बीण पुरते. टोपी आणि पाणी मात्र हवंच.

प्रत्येक जातीचा पक्षी शेवटचा कधी दिसला, ती तारीख वहीत किंवा ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. आल्याची नोंद पुष्कळजण करतात, गेल्याची राहून जाते. मेअखेरीस एखादा मळकट चिखल्या दिसला तर गोंधळू नका. पहिल्या वर्षाचे काही पक्षी उत्तरेला जातच नाहीत, पावसाळाभर इथेच राहतात. त्यांची नोंद वेगळी ठेवा.