तेरा हवा, चौदा आला

माझ्या हौशी हायपरव्हायजरमध्ये (आभासी संगणक चालवणारा प्रोग्राम) गेस्टने, म्हणजे आतल्या आभासी संगणकाने, मेमरीतला हेक्स ८ आणि पुढे ११ शून्यं असा पत्ता वाचला. खऱ्या x86-64 प्रोसेसरवर असा पत्ता अवैध ठरून अपवाद १३, म्हणजे जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो. माझा एम्युलेटर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणारा भाग, १४, म्हणजे पेज फॉल्ट देत होता. दोन रात्री पेज टेबलंच (पत्ता मेमरीत कुठे जातो हे सांगणारे तक्ते) उकरत बसलो. दोष त्याआधीच होता: वरचे १६ बिट कापूनच मी पुढे जात होतो!

पत्ता ६४ बिटांचा असला तरी खालचे ४८च वापरात असतात; वरचे सगळे ४७व्या बिटासारखेच (मोजणी शून्यापासून) हवेत. म्हणून आता ४७वा बिट वरपर्यंत पसरवून मूळ पत्त्याशी ताडतो. जुळला नाही तर टेबलांकडे न जाता थेट १३, एरर कोड शून्य. मेख एकच: पत्ता आरएसपी किंवा आरबीपी या स्टॅकच्या रजिस्टरवरून, म्हणजे स्टॅक सेगमेंटमधून आला असेल तर १२, म्हणजे स्टॅक फॉल्ट द्यायचा. आणि ४८ बिट गृहीत धरू नका, पाच पातळ्यांच्या पेजिंगमध्ये ते ५७ होतात.