पीसीबी वाकू नये म्हणून: आधार, पट्टी आणि जाडी

पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, सहसा तुटत नाही, वाकतो. आणि तेवढ्यानेच सिरॅमिक कपॅसिटरला डोळ्यांना न दिसणारा तडा जातो किंवा बीजीएच्या (खालच्या बाजूला सोल्डरचे गोळे असलेल्या चिपच्या) कोपऱ्यातला सोल्डर जॉइंट सुटतो. त्यामुळे बोर्ड नेमका कुठे वाकतो, हे आधी शोधा. बोर्ड जागेवर बसवा, प्रत्येक कनेक्टर लावून-काढून पाहा आणि कडेला स्टीलची पट्टी धरून मधली फट बघा.

पहिला उपाय जास्तीचा स्टँडऑफ, म्हणजे बोर्डाला खालून टेकू देणारा छोटा खांब. दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं, की तेवढ्याच जोराला बाक साधारण आठवा भाग उरतो. जोर लावून बसवायच्या कनेक्टरला आधार अगदी लगतच द्या. एम3 स्क्रूसाठी 3.2 मिमीचं भोक आणि भोवती किमान 7 मिमी व्यासाची मोकळी जागा लागते, कारण वॉशरच तेवढा असतो. सगळे स्टँडऑफ एकाच उंचीचे हवेत; एक जरी कमी-जास्त असला, तर स्क्रू आवळताना बोर्डाला पीळ बसतो. मुळात बाक असलेला बोर्ड स्क्रूने ओढून सपाट करू नका, फटीत पातळ वॉशर घाला. आधी सगळे स्क्रू सैल लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

मध्ये भोकाला जागाच नसेल, तर कडेला अॅल्युमिनियमचा अँगल लावा. 200 मिमीच्या कडेला 10×10×1.5 मिमीचा अँगल आणि दर 50 मिमीला स्क्रू पुरतात. ताठपणा उभ्या बाजूच्या उंचीतून येतो, म्हणून सपाट पट्टीचा फारसा उपयोग नाही. सोल्डर मास्कला (बोर्डावरच्या रंगीत लेपाला) इन्सुलेशन समजू नका: तो घासला जातो आणि ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) शॉर्ट होतात. अँगलखाली तांबं ठेवू नका. ठेवावंच लागलं, तर मध्ये पॉलिइमाइड टेप किंवा फायबरची पट्टी घाला. अॅल्युमिनियम एफआर-4पेक्षा (बोर्डाच्या फायबरग्लासपेक्षा) जास्त प्रसरण पावतं. म्हणून अँगलचं मधलं भोक नेमकं ठेवा आणि बाकीची लांबट करा, नाहीतर बोर्ड तापला की अँगलच त्याला वाकवेल.

जाडी 1.6वरून 2.4 मिमी केली, तर ताठपणा जवळपास 3.4 पट होतो. पण मग एज कनेक्टर (बोर्डाची संपर्कपट्ट्या असलेली कड) स्लॉटमध्ये बसत नाही आणि काही पार्टच्या पिना खालून पुरेशा बाहेर येत नाहीत. त्यामुळे हे डिझाइनच्या सुरुवातीलाच ठरवा.

सिरॅमिक कपॅसिटर स्क्रूच्या भोकापासून आणि व्ही-कटपासून (बोर्ड तोडून वेगळे करायच्या खाचेपासून) 5 मिमी तरी लांब ठेवा. व्ही-कटजवळ ठेवावाच लागला, तर त्याची लांब बाजू कटाला समांतर हवी.