घरच्या अंगणातले, बाल्कनीतले पक्षी मोजायचे कसे आणि फोटो काढायचे कसे

फेब्रुवारी आला की ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतात आणि त्याच्या मागोमाग सल्ले, की भरपूर धान्य टाका, खूप पक्षी येतील, मग सगळे मोजा आणि टाका ॲपवर. या सल्ल्याने नोंदी वाढतात पण बऱ्याचशा कामाच्या नसतात, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा काउंट 1998 मध्ये अमेरिकेत सुरू झाला, 2013 पासून जगभर होतो आणि आपल्याकडेही तेव्हापासूनच. फेब्रुवारीच्या मध्यात शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस, कमीत कमी 15 मिनिटं एका जागी पक्षी बघायचे आणि यादी ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर किंवा तिच्या ॲपवर टाकायची. भारतात बर्ड काउंट इंडिया हे काम जमवून आणतं. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांमधला आठवडा, तेव्हाही करता येतं. खरं तर वर्षभर कधीही करा, पद्धत तीच.

जागा

धान्याऐवजी पाणी ठेवा. शहरात ज्वारी-तांदूळ टाकले की कबुतरं येतात, मग फक्त कबुतरंच येतात आणि शेजारीही भांडायला येतात. मातीचं पसरट परळ, दोन बोटं पाणी, मध्ये एक खडबडीत दगड, बाजूला बसायला वाळकी फांदी. पाणी रोज बदला आणि परळ घासा, नाहीतर डासांची पैदास घरातच होईल. परळ काचेच्या खिडकीपासून एकतर अगदी जवळ, हातभर अंतरावर ठेवा किंवा चांगलं लांब ठेवा, मधल्या अंतरावरून उडालेला पक्षी जोरात काचेवर आपटतो.

वेळ

सकाळी ऊन कोवळं असताना. पण मोजणी घड्याळाकडे बघून सुरू करा, पक्ष्याकडे बघून नाही. बरेच जण चहा पीत बसतात, धनेश किंवा स्वर्गीय नर्तक दिसला की फोन उघडतात आणि तिथून वेळ लावतात, मग त्या घरी दर वेळी काहीतरी भारी पक्षी येतो असं डेटात दिसतं. आदल्या रात्रीच ठरवा, साडेसात ते पावणेआठ, आणि काहीही येवो न येवो तेवढा वेळ बसा. दोन कावळे आणि एक साळुंकी एवढीच यादी झाली तरी ती टाका.

मोजणी, इथेच सगळी गडबड होते

एक बुलबुल आला, पाणी प्यायला, गेला. दोन मिनिटांनी दोन आले. मग परत एक. मग तीन एकदम आले, त्यातला एक परळात बसून पंख फडफडवत आंघोळ करतोय आणि बाकीचे दोघे फांदीवर वाट बघतायत. शेवटी परत दोन. आता बुलबुल किती? नऊ लिहिणारे लोक मला दर वर्षी भेटतात. मीही या पायरीवर बराच काळ अडकले होते, कारण हे कुणी नीट समजावूनच सांगत नाही. उत्तर तीन आहे.

एका वेळी एकत्र जास्तीत जास्त जितके दिसले तो आकडा लिहायचा. बेरीज करायची नाही. कारण ते तेच तेच पक्षी आहेत, परळाजवळच्या झुडपात राहणारे, दिवसभर येऊन जाऊन असणारे. बेरीज केलीत तर तुम्ही पक्षी मोजत नाही, त्यांच्या फेऱ्या मोजता, आणि मग जो माणूस जास्त वेळ बसेल त्याच्याकडे बुलबुल जास्त, उन्हाळ्यात तहान वाढली की बुलबुल वाढले, असले निष्कर्ष निघतील. अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात प्रोजेक्ट फीडरवॉच चालतो, म्हणजे फीडरवर (दाणे ठेवायच्या भांड्यावर) येणारे पक्षी मोजायचा उपक्रम, तिथे तर हा मूळ नियमच आहे, तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्या बॅकयार्डात फीडर असेल त्यांनी त्यात जरूर भाग घ्या.

कागदावर करायला एकदम सोपं आहे. पक्ष्याचं नाव, पुढे आकडा. बुलबुल 1. दोन दिसले की 1 खोडून 2. तीन दिसले की 2 खोडून 3. परत एक आला तर काहीच लिहायचं नाही. रेघा मारून मोजू नका, रेघा मारल्या की बेरीज होणारच.

आता ईबर्डसाठी यात थोडी मोकळीक आहे, ती नीट समजून घ्या. जे दोन पक्षी वेगळे आहेत याची खात्री आहे ते एकत्र दिसले नाहीत तरी वेगळे धरायचे. शिंजीर नर आला, उन्हात जांभळा चमकणारा, तो गेल्यावर पाच मिनिटांनी पोटाशी पिवळट मादी आली, तर ते दोन. शिपाई बुलबुल आला आणि नंतर गालावर लाल ठिपका नसलेलं त्याचं पिल्लू आलं, तेही दोन. पण दोन माद्या वेगवेगळ्या वेळी आल्या आणि तुम्हाला वाटलं की दुसरी जरा बारीक होती, तर ते चालणार नाही, एकच लिहा. वाटणं आणि खात्री यात शंका असेल तिथे लहान आकडा घ्यायचा, यावर मी अजिबात तडजोड करत नाही.

आणि एक अपवाद. जे पक्षी तुमच्या घरावरून नुसते पुढे निघून जातायत त्यांची बेरीज करायची. संध्याकाळी गायबगळे रातथाऱ्याकडे एकाच दिशेने जातात, आधी 12, मग 7, मग 20, तर ते 39, कारण आधीचे परत आलेले नाहीत. घिरट्या घालणाऱ्या घारींना मात्र हा नियम लावू नका, त्यांना परत एका वेळी जास्तीत जास्त किती हाच.

थवा आला की घाबरू नका. मुनियांचा थवा गवतावर उतरला तर पाच मोजा, पाच म्हणजे केवढा पुंजका ते डोळ्यात बसवा आणि मग तसे किती पुंजके आहेत ते बघा. चष्मेवाले पक्षी एका झाडातून दुसऱ्या झाडात एकामागोमाग उड्या घेतात, तिथे मधली मोकळी जागा पकडायची आणि ती ओलांडतील तसे मोजायचे. अंदाजे 25 लिहिलेलं चालतं. आकड्याच्या जागी एक्स टाकायची सोय आहे पण ती वापरू नका, एक्स म्हणजे होते एवढंच, एक होता की शंभर होते काही कळत नाही.

यादी पूर्ण म्हणजे काय

शेवटी ईबर्ड विचारतं की ही ओळखलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी आहे का. याला हो म्हणता आलं पाहिजे, म्हणजे कबुतरं आणि कावळेसुद्धा लिहिलेले पाहिजेत. तुम्हाला सगळे पक्षी ओळखता आले पाहिजेत असा याचा अर्थ नाही, ओळखू आलेला एकही गाळला नाही एवढाच आहे. पूर्ण यादीत चिमणी नसेल तर तिथे त्या वेळी चिमणी दिसली नाही हे कळतं, अर्धवट यादीतून ते कळत नाही. चिमणी देशातून संपत चालली असं सगळे म्हणत होते, अशा लाखो नोंदी एकत्र करून 2020 मध्ये स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवाल आला तेव्हा दिसलं की देशभरात ती साधारण स्थिर आहे, घट मोठ्या शहरांमध्ये आहे. हे साध्या पक्ष्यांच्या कंटाळवाण्या नोंदींमुळेच कळलं.

नुसता आवाज ऐकला तरी मोजा, तांबटाचं टुक टुक ओळखू येत असेल तर तांबट एक. आवाज ऐकून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने सुचवलेलं नाव मात्र तसंच उचलून टाकू नका, आधी पक्षी शोधा किंवा आवाजाची स्वतः खात्री करा.

ईबर्डवर नोंदीचा प्रकार स्टेशनरी, म्हणजे एका जागी थांबून केलेली, असा निवडा. दुसऱ्यांदा बसलात की दुसरी यादी, जुन्या यादीत भर नको.

फोटो

मोजणीच्या 15 मिनिटांत कॅमेरा खाली. दोन्ही एकदम केलं की एका दयाळाच्या मागे लागता आणि मागून सात सातभाई निघून जातात. अनोळखी किंवा दुर्मिळ काही आलं तरच उचला.

मोजणी झाली की निवांत काढा. ऊन पाठीमागे घ्या, पक्ष्याच्या उंचीला या आणि परळापेक्षा बाजूच्या वाळक्या फांदीवर फोकस लावून ठेवा, पाणी प्यायच्या आधी बहुतेक पक्षी तिथे बसतात. शटर स्पीड 1/1000 सेकंदाच्या आसपास, शिंजिरासाठी आणखी जास्त. काचेतून काढताना खोलीतला दिवा बंद करा आणि लेन्स काचेला टेकवा, मोबाइल असला तरी.

नोंदीसाठीचा फोटो सुंदर नसला तरी चालतो, चोच, छाती, शेपटीखालचा रंग दिसला पाहिजे, म्हणून एक बाजूने, एक समोरून, जमलं तर एक पाठीचा. थोडा क्रॉप करा, उजेड वाढवा, पण फांदी पुसणं, रंग भडक करणं नको. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना ते आधी बघा. घरट्याजवळ जायचं नाही आणि फोटोसाठी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, विणीच्या काळात तो बिचारा स्वतःची हद्द राखायला धावून येतो आणि घरटं उघडं पडतं.

यादी टाकल्यावर एखाद्या पक्ष्यापुढे किंवा आकड्यापुढे खुलासा मागितला तर रागावू नका, तपासणारे लोक स्वयंसेवक असतात. फोटो जोडा. नसेल तर आकार केवढा, चोच कशी, अंगावर कुठे काय रंग होता, काय करत होता आणि किती लांबून बघितलं हे लिहा. आकडा मोठा असेल तर तो कसा मोजला तेही लिहा, "नक्की तोच होता" एवढ्यावर त्यांना काहीच ठरवता येत नाही.