बंध बरोबर ओळखला, तरी गुणधर्म चुकतो: या चुका टाळा

चहाचं आधण उकळतं तेव्हा नेमकं काय तुटतं? अकरावी-बारावीची बरीच मुलं बेधडक लिहितात, 'सहसंयुज बंध', म्हणजे रेणूतल्या अणूंना इलेक्ट्रॉनच्या भागीदारीने जोडणारा बंध. तसं असतं, तर भांड्यातून वाफेऐवजी हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडले असते. वाफ म्हणजे पाणीच. तुटतात ते रेणू-रेणूंमधले हायड्रोजन बंध, मोलमागे साधारण २० किलोज्यूलचे. रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला सुमारे ४६३ किलोज्यूल लागतात आणि १०० अंशांना तो जागचा हलतही नाही.

बाकीचा बराच गोंधळ इथूनच सुरू होतो. 'सहसंयुज बंध कमकुवत, म्हणून द्रवणांक कमी' हे वाक्य वहीत असेल तर आजच खोडा. कार्बन डायऑक्साइड आणि वाळूतलं सिलिकॉन डायऑक्साइड, दोन्ही सहसंयुज. कार्बन आणि सिलिकॉन एकाच गणातले. तरी शुष्क बर्फ, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांनाच थेट वायू होतो आणि वाळू वितळवायला सुमारे १७०० अंश लागतात. कार्बन डायऑक्साइडचे सुटे रेणू एकमेकांना जेमतेम धरून असतात, तर वाळूच्या कणात सुटा रेणूच नसतो, सगळीकडे बंधांचं सलग जाळं असतं. म्हणून द्रवणांकाचं कारण लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हा पदार्थ वितळताना काय तुटणार आहे? माझ्या मते हा एक प्रश्न पाठ केलेल्या अख्ख्या तक्त्याहून जास्त कामाचा आहे.

आता मीठ. 'मिठाचा रेणू' असं लिहू नका. स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू) सहा क्लोराइड आयन असतात. सूत्र फक्त प्रमाण सांगतं. 'आयनिक म्हणजे विद्युतवाहक' हेही अर्धवट आहे. घन मिठातले आयन जागच्या जागी जखडलेले असतात, त्यामुळे वीज वाहत नाही. मीठ वितळलं किंवा पाण्यात विरघळलं की वाहते. तेव्हाही वाहून नेतात ते आयन, मुक्त इलेक्ट्रॉन नव्हे. इथे हमखास गुण जातात.

सगळे आयनिक पदार्थ सारखेच घट्ट, असंही नाही. मीठ ८०१ अंशांना वितळतं, मॅग्नेशियम ऑक्साइडला २८०० अंशांच्याही वर न्यावं लागतं. तिथे आयनांवर दुप्पट प्रभार आणि त्यांच्यातलं अंतरही कमी.

हातोड्याच्या घावाने मिठाचा खडा फुटतो, तांबं मात्र चेपतं. मिठात थर सरकला की समान प्रभार समोरासमोर येऊन एकमेकांना लोटतात. तांब्यात थर सरकले तरी मुक्त इलेक्ट्रॉन त्यांना बांधून ठेवतात. 'धातूचे बंध मजबूत म्हणून तार निघते' हे कारण चुकीचं.

धातू आणि अधातू एकत्र दिसले की डोळे मिटून 'आयनिक' लिहू नका. निर्जल ॲल्युमिनियम क्लोराइड सुमारे १८० अंशांनाच संप्लवन पावतं, म्हणजे न वितळता थेट वायू होतं. त्याच्या वाफेत चक्क रेणू असतात.

आणि वीज वाहत नाही म्हणजे उष्णताही वाहत नाही, असं गृहीत धरू नका. हिऱ्यात मुक्त इलेक्ट्रॉन नाहीत, तरी तो तांब्याच्या सुमारे पाचपट उष्णता वाहून नेतो, कारण कार्बनच्या ताठ बंधांमधून कंपनं झपाट्याने पुढे सरकतात.