ईबुकची किल्ली तीन सिस्टिमवर सांभाळताना

मी पुस्तकांची जुळणी करते. प्रकाशनाआधीच्या ईपब, म्हणजे ईबुकच्या, फाइली लेखक, मुद्रितशोधक आणि मी अशा फिरतात. लेखकाकडे मॅक, मुद्रितशोधकाकडे विंडोज, माझ्याकडे लिनक्स. फाइल कुलूपबंद करून तिची किल्ली, म्हणजे ती उघडायला लागणारी गुप्त अक्षरं, जपणारी एक पायथन स्क्रिप्ट आम्ही तिघं वापरतो. तिच्यातला कूटलेखनाचा, म्हणजे कुलूप लावण्या-काढण्याचा, भाग जेमतेम पंधरा ओळींचा आहे. बिघडतं ते त्याच्या आजूबाजूचं.

त्या पंधरा ओळी स्वतःच्या डोक्याने लिहू नका. मी आधी पायक्रिप्टो ही तयार लायब्ररी वापरायचे, पण त्याची शेवटची आवृत्ती २०१३ ची. आता पायथनच्या क्रिप्टोग्राफी पॅकेजमधलं फर्नेट हे तयार कुलूप वापरते. वाटेत एक बाइट जरी बदलला तरी ते फाइल उघडायला नकार देतं, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र ते अख्खी फाइल मेमरीत घेतं, त्यामुळे अवजड चित्रमय पुस्तकांना ते सोयीचं नाही.

आता नावांकडे या, कारण माझे दोन दिवस तिथेच गेले. मी किल्ली फाइलच्या नावावर शोधायचे. ‘दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा’ ही फाइल लेखकाच्या जुन्या मॅकवरून परत आली आणि स्क्रिप्ट म्हणाली, किल्लीच नाही. पडद्यावर नावात तसूभर फरक दिसत नव्हता. शेवटी नावातलं एकेक अक्षर कोडसकट छापलं, तेव्हा कळलं. माझ्याकडे ‘ऱ’ हे एकच अक्षर होतं, आणि जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस या फाइल साठवण्याच्या व्यवस्थेने त्याचे ‘र’ आणि नुक्ता (खालचा टिंब) असे दोन तुकडे करून ठेवले होते. तेव्हापासून नाव हातात आलं की आधी पायथनच्या युनिकोडडेटामधल्या नॉर्मलाइझने ते एनएफसी रूपात आणते, म्हणजे असे तुकडे पुन्हा एका अक्षरात जोडते. पुढे तर किल्ली नावाला बांधणंच सोडलं. प्रत्येक पुस्तकाला एक यूयूआयडी, म्हणजे एकमेव ओळखक्रमांक, देते आणि नाव फक्त माणसांसाठी ठेवते.

विंडोजवर आणखी एक काळजी घ्या. फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे दर वेळी स्पष्ट लिहा. नाहीतर तिथलं कोडपेज, म्हणजे विंडोजची जुनी अक्षरतालिका, गृहीत धरलं जातं आणि देवनागरी नोंदीवर प्रोग्राम कोसळतो. फाइलींच्या पथांसाठी, म्हणजे पत्त्यांसाठी, पायथनचं पाथलिब पुरतं.

किल्ली साध्या फाइलीत ठेवू नका. कीरिंग लायब्ररी ती प्रत्येक सिस्टिमच्या स्वतःच्या तिजोरीत, म्हणजे मॅकच्या कीचेनमध्ये, विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये आणि लिनक्सच्या सीक्रेट सर्व्हिसमध्ये ठेवते. पण ही तिजोरी त्या संगणकावरच्या त्या वापरकर्त्याची असते. मुद्रितशोधकांचा लॅपटॉप फॉरमॅट झाला आणि तिथली किल्ली गेली. माझ्याकडे प्रत होती म्हणून निभावलं. आता प्रत्येक किल्ली, म्हणजे ४४ अक्षरं, मी कागदावर छापून कुलपात ठेवते.

किल्ली बदलायची वेळ आली तर मल्टीफर्नेटला (अनेक किल्ल्या घेणाऱ्या फर्नेटला) नवी आधी आणि जुनी नंतर अशी यादी द्या. नवं लेखन नव्या किल्लीने होतं, जुन्या फाइलीही उघडत राहतात. त्या सगळ्या मल्टीफर्नेटच्या रोटेट या सोयीने नव्या किल्लीवर आणल्या, की मगच जुनी काढा.

स्क्रिप्टच्या पहिल्या आवृत्तीने कुलूपबंद केलेली एक नमुना फाइल मी तिच्या किल्लीसह चाचण्यांमध्ये ठेवली आहे. एखादी लायब्ररी अद्ययावत केली की ती फाइल तिन्ही सिस्टिमवर उघडून पाहते, आणि ‘ऱ’ च्या दोन्ही रूपांतल्या नावांनी एकच पुस्तक सापडतं ना, हेही तपासते. हे जमल्याशिवाय नवी आवृत्ती दोघांना पाठवत नाही.